कार्टरपुरी आणि तारापूर

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि दर चार वर्षांनी आपल्याकडील मंडळांत, वाचनालयांत व ज्येष्ठ नागरिक संघांत एक व्याख्यान होते. शीर्षक थोडेफार बदलते, आशय तोच : नवे अध्यक्ष आणि भारत. २०२४ च्या नोव्हेंबरात बडोद्यातही असे व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते, सभागृह भरलेले होते. शेवटी पाच प्रश्न विचारले गेले आणि पाचही प्रश्न वस्तुतः एकच होते : हा गृहस्थ आपल्याला अनुकूल आहे की नाही? वक्त्यांनी ‘आहे’ असे सांगितले, टाळ्या झाल्या, चहा झाला. नऊ महिन्यांनी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच अध्यक्षांनी बहुतेक भारतीय मालावरील आयातकर पन्नास टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा भाग आपण रशियाकडून तेल घेतो याचा दंड म्हणून होता. त्यानंतर त्याच श्रोत्यांपैकी काहींच्या तोंडून ‘विश्वासघात’ हा शब्द आम्ही ऐकला.

आमचा आक्षेप या शब्दाला आहे, आणि ज्या प्रश्नातून तो उपजला त्या प्रश्नाला त्याहून अधिक आहे. विश्वासघात व्हायला आधी कोणी विश्वास दिलेला असावा लागतो. आपल्याला तो कोणी, कोणत्या कागदावर, कोणत्या अधिकाराने दिला होता? मुलीला स्थळ पाहताना मुलाचा स्वभाव विचारावा, हे ठीक. परराष्ट्राच्या धोरणाची चौकशी त्याच पद्धतीने करण्याची आपली खोड जुनी आहे, आणि ती आपल्याला वेळोवेळी महाग पडलेली आहे.

स्वभावाचाच दाखला हवा असेल तर जिमी कार्टर यांच्याहून चांगला दाखला सापडणार नाही. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका होऊन भारतात आल्या आणि मुंबईला विक्रोळीच्या वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. अमेरिकेच्या एखाद्या अध्यक्षाचे महाराष्ट्राशी याहून जिव्हाळ्याचे नाते आम्हाला तरी ठाऊक नाही. १९७८ च्या जानेवारीत हे कार्टर दिल्लीला आले. आणीबाणी उठलेली, मोरारजी देसाई पंतप्रधान. दोघेही सश्रद्ध, साधे, नीतीची भाषा बोलणारे. दिल्लीजवळच्या हरियाणातील दौलतपूर नसीराबाद या खेड्यास त्यांनी भेट दिली आणि ग्रामस्थांनी गावाचे नाव बदलून ‘कार्टरपुरी’ ठेवले. त्याच दौऱ्यात, ध्वनिक्षेपक चालू आहे हे न कळल्यामुळे, आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना ते जे म्हणाले ते वार्ताहरांनी ऐकले : परत गेल्यावर मोरारजींना एक कोरडे आणि अगदी रोखठोक पत्र लिहावे लागेल. दोनच महिन्यांनी, १० मार्च १९७८ रोजी, कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदीच्या नव्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने तारापूरचे इंधन अडले.

तारापूरची हकीकत नव्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. १९६३ च्या करारानुसार ठाणे जिल्ह्यात (आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो) अमेरिकी कंपनीच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. या भट्ट्यांना लागणारे इंधन आपण दुसऱ्या कोणाकडून घेणार नाही, असे आपण मान्य केले होते. म्हणजे कागद होता, सही होती, मुदतही होती. पुढे १९७४ चा पोखरणचा स्फोट झाला. अमेरिकेची बाजू अशी की परिस्थिती बदलली; आपली बाजू अशी की स्फोटाशी तारापूरचा काही संबंध नाही. आमच्या मते आपलीच बाजू बरोबर होती. पण बरोबर असण्याने भट्टी चालत नाही. नव्या कायद्याने अट घातली की देशातील सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणल्याखेरीज कोणालाही इंधन मिळणार नाही, आणि ही अट आधी झालेल्या करारांनाही लागू केली. कार्टर यांनी मग १९८० मध्ये स्वतः पुढाकार घेऊन अडतीस टन इंधन पाठवण्याचे ठरवले. प्रतिनिधिगृहाने ते फेटाळले, सिनेटमध्ये अठ्ठेचाळीस विरुद्ध शेहेचाळीस मतांनी ते कसेबसे वाचले. विक्रोळीत रुग्णसेवा केलेल्या आईचा मुलगा, जगातील सर्वांत सामर्थ्यवान पदावर बसलेला, आणि त्याला एक खेप पाठवायला दोन मतांच्या आधारावर उभे राहावे लागले. शेवटी १९८२ मध्ये इंदिरा गांधी व रेगन यांच्यात तोड निघाली ती अशी की अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे.

कार्टर आपले मित्र होते की नव्हते? आम्ही हा प्रश्न अनेकांना विचारून पाहिला आहे. ‘होते’ म्हटले तरी इंधन अडते आणि ‘नव्हते’ म्हटले तरी अडतेच. ज्या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांनी फलित बदलत नाही, तो प्रश्न विचारण्यात संध्याकाळ कशाला घालवायची?

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत तीस-बत्तीस वर्षे काढली. मंत्री दौऱ्यावर जात, एखाद्या गावाला तलाव मंजूर करून येत, गावकरी हार घालत, ढोल वाजत. आमचे काम त्यानंतर सुरू होई. अर्थसंकल्पात तरतूद आहे काय? प्रशासकीय मान्यता मिळाली काय? जमिनीचा ताबा कोणाकडे? वर्ष-दोन वर्षांनी गावकरी कचेरीत येऊन म्हणत, ‘साहेब, शब्द दिला होता.’ शब्द दिला होता हे खरेच असे. फाइलवर मात्र तो शब्द नसे. त्या माणसांचा आम्हाला कधी राग आला नाही, कारण त्यांना नियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु शिकलेल्या, वृत्तपत्रे वाचणाऱ्या आणि परदेशी जाऊन आलेल्या लोकांनी एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या भाषणाला शासन निर्णय समजावे, याचे नवल वाटते.

अमेरिकेचा नियम तर लपवलेला नाही. त्यांच्या राज्यघटनेनुसार परराष्ट्राशी केलेल्या तहाला सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. ती नसेल तर जे काही आहे ते अध्यक्षाच्या अधिकारातले. आज एकाने सही करावी, उद्या दुसऱ्याने ती पुसावी. राष्ट्रसंघ ही कल्पना अध्यक्ष विल्सन यांची. त्यासाठी ते स्वतः पॅरिसला महिनोन्‌महिने बसले. १९२० च्या मार्चमध्ये सिनेटमध्ये सात मते कमी पडली आणि स्वतःच्या अध्यक्षाने जन्माला घातलेल्या संस्थेत अमेरिका कधीच गेली नाही. निक्सन यांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिएऊ यांना गुप्त पत्रे लिहून कळवले होते की उत्तरेने तह मोडला तर आम्ही पूर्ण ताकदीने उत्तर देऊ. ती पत्रे जगापुढे आली तेव्हा १९७५ चा एप्रिल संपत होता आणि सायगाव पडत होते. अमेरिकी काँग्रेसला त्या पत्रांची माहितीच नव्हती, आणि मदतीचा पैसा तर काँग्रेसच्या हाती. अलीकडचे पाहू. हवामानविषयक पॅरिस करारात ओबामा शिरले, ट्रम्प बाहेर पडले, बायडेन पुन्हा शिरले, ट्रम्प पुन्हा बाहेर पडले. इराणशी २०१५ मध्ये झालेला अणुकरार २०१८ च्या मे महिन्यात एका सहीने संपला. इराण करार पाळत असल्याचे अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तेव्हा देत होती. त्याचा उपयोग झाला नाही.

येथे एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकवला जातो, आणि तो वजनदार आहे. धाकटे बुश नसते तर आपला अणुकरार झाला असता काय? आम्ही प्रांजळपणे सांगतो, बहुधा झाला नसता. २००५ च्या जुलैमध्ये मनमोहन सिंग यांच्याबरोबर संयुक्त निवेदन केल्यापासून बुश यांनी हे काम आपले मानले आणि २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाची सूट मिळवण्यासाठी आपल्या पदाचे वजन खर्च केले. व्यक्तीला महत्त्व नाही असे आम्ही म्हणतच नाही. परंतु बुश गेल्यावरही तो करार का टिकला, हे पाहा. २००६ च्या डिसेंबरात त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २००८ मध्ये प्रतिनिधिगृहात दोनशे अठ्ठ्याण्णव विरुद्ध एकशे सतरा आणि सिनेटमध्ये शहाऐंशी विरुद्ध तेरा अशा मतांनी तो संमत झाला. बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हा सिनेटर असलेले ओबामा होते, बायडेनही होते. म्हणून बुश यांचा पक्ष गेला तरी करार राहिला. मैत्रीने दार उघडले असेल, पण ते उघडे ठेवले कायद्याने. आणि दार उघडे असूनही पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकी बनावटीची एकही नवी अणुभट्टी आपल्याकडे उभी राहिली नाही, ही गोष्ट व्याख्यानांत सहसा येत नाही.

याउलट २०१९ चे वर्ष घ्या. त्या वर्षी ५ जूनपासून अमेरिकेने भारतीय मालाला मिळणारी जुनी करसवलत काढून घेतली. सप्टेंबरात ह्यूस्टनला प्रचंड सभा झाली आणि दोन्ही नेते हातात हात घालून मैदानाला फेरी मारून आले. पुढल्या फेब्रुवारीत अहमदाबादेत त्याहून मोठी सभा झाली. आमच्या शहरातूनही लोक गाड्या करून गेले होते. सवलत परत मिळाली नाही. चाबहार बंदरासाठी आपल्याला निर्बंधांतून सूट दिली ती २०१८ मध्ये याच अध्यक्षांनी, काढून घेण्याचा हुकूम झाला तो २०२५ च्या सप्टेंबरात याच अध्यक्षांच्या कारकिर्दीत, आणि नंतर सहा महिन्यांची मुदतवाढही त्यांचीच. अध्यक्ष बदलला तर धोरण बदलते, असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अध्यक्ष तोच राहिला तरी ते बदलते. २०२५ च्या जूनमध्ये पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले, तेव्हा आपल्याकडे जो गहजब झाला तो ह्यूस्टनच्या टाळ्यांइतकाच पोरकट होता. जेवणावळीची दखल पाकिस्तानने तरी किती घ्यावी? पैसे भरून मागवलेली एफ-१६ विमाने १९९० मध्ये अमेरिकेने कायद्यावर बोट ठेवून अडवून ठेवली आणि कित्येक वर्षे ती मिळाली नाहीत, हे त्या देशाचे लष्कर विसरलेले नसणार.

इतर देश अमेरिकेच्या उद्याच्या धोरणाकडे कसे पाहतात, हा खरा अभ्यासाचा विषय आहे, आणि तो आपल्याकडे कोणी घेत नाही.

जपान पाहा. १९७१ मध्ये निक्सन यांनी आपण चीनला जाणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा जपानचे पंतप्रधान सातो यांना घोषणेच्या केवळ काही मिनिटे आधी कळवण्यात आले. ज्या देशाने आपले सारे संरक्षण अमेरिकेवर सोपवले होते त्या देशाची ही वासलात. जपानने आरडाओरडा केला नाही. लक्षात मात्र ठेवले. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात ट्रम्प निवडून येताच शिंझो आबे विमानात बसले आणि सोन्याचा मुलामा दिलेली गोल्फची काठी घेऊन न्यूयॉर्कला जाऊन भेटले. मैत्री करावी तर अशी! आपल्या वक्त्यांनी या प्रसंगाचे पुष्कळ कौतुक केलेले आम्ही ऐकले आहे. ते एवढ्यावरच थांबतात. पुढे काय झाले? २०१७ च्या जानेवारीत अमेरिका प्रशांत महासागरी व्यापार करारातून बाहेर पडली, २०१८ च्या मार्चमध्ये पोलादावर कर बसला आणि त्यातून जपान सुटला नाही. परंतु आबे काठी भेट देऊन झोपी गेले नव्हते. अमेरिका गेल्यावर उरलेल्या अकरा देशांना त्यांनी एकत्र धरून ठेवले आणि ८ मार्च २०१८ रोजी चिलीच्या राजधानीत तोच करार अमेरिकेवाचून झाला. आम्हाला आबे यांचे कौतुक आहे ते यासाठी.

व्हिएतनामचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे, कारण तोही वसाहतवादातून सुटलेला देश. ज्या अमेरिकेने त्यांच्यावर बॉम्ब टाकले तिच्या अध्यक्षांचे २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी हनोईत स्वागत केले आणि संबंधांना सर्वांत वरचा दर्जा दिला. डिसेंबरात चीनचे शी जिनपिंग आले, २०२४ च्या जूनमध्ये रशियाचे पुतिन आले. तिघांनाही तोच मान, तोच पाहुणचार. २०२५ मध्ये अमेरिकी कराचा फटका व्हिएतनामलाही बसला. पण घराला तीन दारे असली की एक लावले गेल्याने गुदमरायला होत नाही.

कॅनडाला असे काही सुचण्याचे कारण नव्हते. शेजार, भाषा, व्यापार, सारेच एक. तिन्ही शेजाऱ्यांचा नवा व्यापार करार ट्रम्प यांच्याच आग्रहाने झाला, २०२० च्या जुलैत लागू झाला, आणि २०२५ मध्ये कॅनडाच्या मालावर कर लादला तो त्याच सहीच्या धन्याने. जर्मनीने त्याच वर्षाच्या मार्चमध्ये आपल्या राज्यघटनेतील कर्जमर्यादा संरक्षणखर्चासाठी सैल केली. कर्जाच्या बाबतीत जर्मन माणूस किती सोवळा असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचे वजन कळेल. विशेष म्हणजे खुद्द अमेरिकी काँग्रेसलाही आपल्या अध्यक्षांचा भरवसा वाटेनासा झाला होता : २०२३ च्या डिसेंबरात तिने कायद्यात कलम घातले की सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीवाचून वा काँग्रेसच्या कायद्यावाचून कोणाही अध्यक्षाला ‘नाटो’तून बाहेर पडता येणार नाही. ज्यांचा अध्यक्ष, तेच कागद पक्का करून ठेवतात. आणि आपण येथे बसून त्याच्या हास्याचा अर्थ लावतो.

मग कागद असला की झाले काय? तसेही नाही, आणि तारापूरने ते दाखवलेच आहे. युक्रेनने १९९४ मध्ये आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली, त्या बदल्यात बुडापेस्टला रशिया, अमेरिका व ब्रिटन यांच्या सह्यांचा कागद मिळवला. त्या कागदात अमेरिकेने ‘हमी’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘आश्वासन’ असा शब्द घातला होता, आणि तो तह म्हणून सिनेटपुढे कधी गेलाच नाही. कोणताही जुना कारकून हा फरक पाहताक्षणी ओळखील. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, २०२२ मध्ये उरलेल्या देशावर चाल केली. शस्त्रे पुढे मिळाली, पैसा मिळाला. पण तो त्या कागदाच्या हक्काने नव्हे, देणाऱ्याच्या मर्जीने, आणि मर्जी फिरली तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये काही दिवस तोही ओघ थांबवला गेला.

मराठी माणसाला तर हे कोणी शिकवायला नको होते. साताऱ्याशी इंग्रजांनी १८१९ मध्ये केलेल्या तहात राज्य वारसांकडे व उत्तराधिकाऱ्यांकडे चालत राहील असे लिहिलेले होते. पदच्युत केलेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, तेरा-चौदा वर्षे तेथे राहिले, भले इंग्रज जोडले, सभा गाजवल्या. त्यांना तेथे मित्र मिळाले नाहीत असे कोण म्हणेल? आणि त्यांच्या तेथील वास्तव्यातच, १८४८ मध्ये, डलहौसीने सातारा खालसा केला.

तेव्हा विचारायचे ते असे : आपण कोणत्या वस्तूसाठी त्यांच्यावर अवलंबून आहोत, आणि ती उद्या अडली तर आपल्या घरात काय आहे? १९६६ च्या दुष्काळात जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे हातचे राखून, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, कारण आपले सरकार त्यांच्या व्हिएतनाम युद्धाविषयी बोलत होते. त्या अपमानावर दिल्लीने व्याख्यान आयोजित केले नाही. सी. सुब्रह्मण्यम यांनी त्याच वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणवले. जॉन्सन मित्र होते की शत्रू, याची पुढे चर्चा करण्याची गरजच उरली नाही.

हे सारे दूरचे नाही. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या हजारो कारागिरांचे काम अमेरिकेच्या बाजारावर चालत आले. २०२५ च्या कराने पहिल्यांदा पोटावर मारले ते त्यांच्या, आणि त्यांत खानदेशातून पोट भरायला आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलगा दिवाळीच्या आधीच आजारी आजीला भेटायला आला होता. हुकूम कोणाला लागू, कोणाला नाही, हे कळायच्या आत तो रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला आणि मिळेल त्या भावाने तिकीट काढून परतला. हुकूम जुन्या परवानेधारकांना नाही, हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट झाले. आजी तोपर्यंत विचारीत होती, तो जेवला का? याच घरातील कर्त्या पुरुषाने २०२४ च्या त्या सभेत पाचांपैकी एक प्रश्न विचारला होता. आम्ही त्यांना दोष देत नाही. आम्हीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

२०२८ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आहे आणि आमच्या मंडळाच्या व्याख्यानसमितीची बैठक त्याआधी होईलच. तिला आमची लेखी सूचना अशी की त्या सप्ताहात ‘नवे अध्यक्ष आणि भारत’ हा विषय ठेवू नये. तारापूरच्या कराराचा इतिहास, १९६३ ते १९८२, असा विषय ठेवावा. वक्ता मिळाला नाही तर टिपणे आमच्याकडे तयार आहेत. सभागृह अर्धे रिकामे राहील, याची कल्पना आहे.